अहवालात ‘नर’ आलंय, मानायचं का?

एका तरुण पशुवैद्यांचा प्रश्न आहे, थोडक्यात असा: “आमच्याकडे गिधाडांच्या प्रजननाचं काम सुरू होतंय. पक्षी दिसायला सगळे सारखेच, म्हणून पिसं पाठवून डीएनए तपासणी करून घेतली. १४ पैकी ११ नर आले. एवढे नर खरंच असू शकतात का? पीस चालतं की रक्तच लागतं? आणि हा अहवाल कितपत खरा मानायचा?”

आधी तुमच्या आकड्याकडे बघू. नर-मादी निम्मे-निम्मे जन्मतात असं धरलं, तर १४ पक्ष्यांत ११ किंवा त्याहून जास्त नर निव्वळ योगायोगानं निघण्याची शक्यता साधारण ३ टक्के भरते. म्हणजे अशक्य नाही. पण शंभरात तीनदा घडणारी गोष्ट नेमकी तुमच्या वाट्याला आली, यापेक्षा चाचणीत काहीतरी हुकलं हे मला जास्त पटतं. आणि हुकलं असेल तर ते कुठल्या बाजूला, याचाही अंदाज करता येतो. तुमच्या ३ माद्या बहुधा माद्याच आहेत. ११ नरांपैकी सगळे नर आहेत, यावर मात्र मी आज पैज लावणार नाही.

कारण सांगतो. माणसात एक्स आणि वाय अशी दोन वेगळी लिंगगुणसूत्रं पुरुषाकडे असतात. पक्ष्यांत उलटं आहे. वेगळी जोडी मादीकडे, झेड आणि डब्ल्यू. नराकडे दोन्ही झेड. चाचणीसाठी आपण सीएचडी नावाचं जनुक वापरतो, कारण ते झेडवरही आहे आणि डब्ल्यूवरही आहे, फक्त त्याच्या मधल्या एका तुकड्याची लांबी दोन्हीकडे वेगवेगळी. दोन बाजूंना प्रायमर (तुकड्याच्या टोकांना चिकटणारे डीएनएचे छोटे धागे) लावायचे, पीसीआरमध्ये तो तुकडा वाढवायचा, म्हणजे त्याच्या भरपूर नकला काढायच्या, आणि जेलवर पळवायचा, म्हणजे विजेच्या जोरावर लांबीप्रमाणे वेगळा करायचा. नराचा एक पट्टा दिसतो, मादीचे दोन. १९९८ साली पी२-पी८ ही प्रायमरची जोडी आली, १९९९ मध्ये २५५०एफ-२७१८आर ही आली, आणि तेव्हापासून चिमणीपासून गरुडापर्यंत बहुतेक पक्ष्यांचं काम याच दोन जोड्यांवर भागतं. (शहामृग आणि एमू सोडून. त्यांच्यात झेड आणि डब्ल्यू अजून फारसे वेगळे झालेलेच नाहीत, तिथे वेगळे मार्कर लागतात.) आपल्याकडेही हैदराबादच्या सीसीएमबी या पेशी-जीवशास्त्राच्या संशोधन संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी २००७ मध्ये पांढऱ्या पाठीच्या आणि लांब चोचीच्या गिधाडांसाठी, पक्ष्याला इजा न करता लिंग ओळखण्याची पीसीआर पद्धत प्रसिद्ध केली, आणि तीही प्रजनन केंद्रांची गरज डोळ्यासमोर ठेवूनच.

आता यातली मेख बघा. दोन पट्टे आले की डब्ल्यू तिथे आहे हे डोळ्यांनी दिसलं, विषय संपला. एकच पट्टा आला तर त्याचे दोन अर्थ होतात. एक तर डब्ल्यू मुळातच नाही, किंवा डब्ल्यू होता पण पीसीआरमध्ये वाढला नाही. जेलवर दोन्ही हुबेहूब सारखे दिसतात. म्हणजे ‘मादी’ हा निकाल काहीतरी दिसल्यामुळे दिलेला असतो आणि ‘नर’ हा निकाल काहीतरी न दिसल्यामुळे. अहवालात दोन्ही शब्द एकाच ठशात छापून येतात, म्हणून वाचणाऱ्याला ते सारख्याच वजनाचे वाटतात.

डब्ल्यू वाढत का नाही? पिसातला डीएनए थोडा असतो आणि बऱ्याचदा तुटलेला असतो. तुटलेल्या डीएनएतून आखूड तुकडा सहज वाढतो, लांब तुकडा मागे पडतो. पी२-पी८ जोडीत बहुतेक जातींमध्ये डब्ल्यूचा तुकडा झेडपेक्षा लांब असतो. म्हणजे नमुना खराब असला की आधी बळी जातो तो डब्ल्यूचा, आणि मादी कागदावर नर होते. २५५०एफ-२७१८आर जोडीत बहुतेक ठिकाणी उलटं असतं. तिथे डब्ल्यू आखूड, साधारण साडेचारशे बेसचा (बेस म्हणजे डीएनएची लांबी मोजायचं एकक), आणि झेड सहाशेच्या वर. नमुना खराब झाला तर झेड गळतो आणि मादीचा एकटा डब्ल्यू पट्टा खालच्या जागी उरतो. एकच पट्टा, पण तो कुठे बसलाय ते बघितलं तर मादी ओळखू येते. म्हणून प्रयोगशाळेला पहिला प्रश्न हा विचारा, की कुठली प्रायमर जोडी वापरली? फक्त पी२-पी८ वापरली असेल आणि नमुना गळालेल्या पिसाचा असेल, तर तुमचे ११ नर कुठून आले याचं अर्धं उत्तर तिथेच मिळालं.

दुसरी भानगड जेलची. काही शिकारी पक्ष्यांत पी२-पी८ चे दोन तुकडे लांबीला इतके जवळ असतात की साध्या दोन टक्के ॲगरोज जेलवर ते एकमेकांत मिसळून एकच जाडसर पट्टा दिसतो. घाईत बघणारा त्याला ‘नर’ म्हणून मोकळा होतो. जेल जास्त दाट करा, जास्त वेळ पळवा किंवा सरळ केपिलरी मशीनवर लांबी मोजा. जेलचा फोटो मागायला लाजू नका. मी फोटो न देणाऱ्या प्रयोगशाळेचा अहवाल फाईलला लावतो, पण त्यावरून पक्षी हलवत नाही.

उलट्या दिशेची चूकही होते, क्वचित. काही जातींत झेडच्याच दोन वेगवेगळ्या लांब्या फिरत असतात, मग नराला दोन पट्टे येतात आणि तो मादी ठरतो. ऑकलेट नावाच्या समुद्रपक्ष्यांत हे २००१ मध्ये दाखवलं गेलं. आणि गिधाडं खाताना एकमेकांना ओरबाडतात हे तुम्ही रोज बघता. नराच्या पिसावर मादीच्या रक्ताचा डाग लागला की झालंच. पण तुमच्या आकड्यांचा कल नरांकडे आहे, त्यामुळे इथे वेळ घालवत नाही.

तेव्हा करायचं काय? ३ माद्यांना हात लावू नका. ११ ‘नरां’चा नमुना पुन्हा घ्या आणि या वेळी रक्त घ्या. पक्ष्यांच्या लाल पेशींत केंद्रक असतं, आपल्यासारख्या त्या रिकाम्या नसतात, त्यामुळे एक थेंब रक्तातून डीएनए भरपूर निघतो. पंखाच्या आतल्या बाजूची शीर तुम्हाला मी सांगायला नको. दोन-तीन थेंब निव्वळ अल्कोहोलमध्ये टाका, रक्ताच्या किमान दहापट अल्कोहोल असू द्या आणि लगेच हलवा, नाहीतर गोळा होऊन आतलं रक्त कुजतं. नाहीतर सरळ एफटीए कार्डावर (डीएनए टिकवणारा खास कागद) थेंब सोडून सावलीत वाळवा. ट्यूब वापरायचीच असेल तर रक्त गोठू नये म्हणून ईडीटीए घातलेली घ्या. हेपॅरिनची हिरव्या टोपणाची ट्यूब वापरू नका, हेपॅरिन पीसीआरलाच अडवतं. पशुवैद्यांकडून येणाऱ्या नमुन्यांत ही चूक मी इतक्यांदा पाहिली आहे की आता पार्सल उघडताना आधी टोपणाचा रंग बघतो.

पीस चालतच नाही असं नाही. पण कुठलं पीस, यावर सगळं आहे. पक्षी हातात असताना छातीवरची तीन-चार बारीक पिसं मुळासकट उपटली तर देठाच्या टोकाशी ताज्या पेशी येतात, ते उत्तम. नुकतं फुटत असलेलं, देठात रक्त असलेलं पीस त्याहून चांगलं, पण ते उपटलं की रक्त वाहतं, म्हणून त्यापेक्षा सुईच बरी. गळून पडलेलं मोठं पीस असेल तर देठाचं टोक खरवडत बसू नका. देठ संपून झालर सुरू होते तिथे खालच्या बाजूला एक बारीक छिद्र असतं, आणि त्याच्या आत, पीस वाढत असताना राहिलेल्या रक्ताची गुठळी सुकून बसलेली असते. २००५ मध्ये शाही गरुडांच्या गळालेल्या पिसांवर काम करणाऱ्यांनी दाखवून दिलं की टोकापेक्षा या गुठळीतून जास्त आणि चांगला डीएनए मिळतो. तेवढा भाग ब्लेडनं कापून घ्या. पावसाळ्यात पिसं प्लॅस्टिकच्या पिशवीत कधीच ठेवू नका, आठ दिवसांत बुरशी धरते. कागदी पाकीट, सोबत सिलिका जेलची पुडी.

आणि एक साधी शंका. सामायिक पिंजऱ्यात जमिनीवरून उचललेलं पीस कोणाचं, हे तुम्हाला कसं कळलं? तुमच्या पत्रावरून पिसं कशी गोळा केली ते कळत नाही. ती जमिनीवरची असतील, तर ११ नर आणि ३ माद्या हा १४ पक्ष्यांचा हिशोब नाही, १४ पिसांचा आहे. एकाच पक्ष्याची चार पिसं त्यात असू शकतात.

प्रयोगशाळेत ११ नमुने दोन-दोनदा लावायला सांगा, दोन्ही प्रायमर जोड्यांनी. सोबत तीन कंट्रोल, म्हणजे उत्तर आधीच माहीत असलेले तुलनेचे नमुने, हवेतच, खात्रीचा नर, खात्रीची मादी आणि डीएनए नसलेली कोरी ट्यूब. खात्रीचा म्हणजे काय, तर त्याच जातीचा. कोंबडीचा कंट्रोल लावून गिधाडाचा निकाल देणारे मी पाहिले आहेत. खात्रीची मादी म्हणजे जिचं अंडं घालणं कोणीतरी पाहिलंय, किंवा जी मेल्यावर शवविच्छेदनात अंडाशय दिसलंय. म्हणून केंद्रात मेलेल्या प्रत्येक पक्ष्याचा स्नायूचा तुकडा अल्कोहोलमध्ये ठेवा आणि सोबत आत काय दिसलं ते लिहून ठेवा. तुमच्या चाचणीचा खरा मापदंड तोच आहे.

आता ज्यात माझीच चूक झाली ते सांगतो. बऱ्याच वर्षांपूर्वी एका केंद्रातून आलेल्या नमुन्यांवर पक्ष्याच्या पायातल्या कडीचे आकडे देवनागरीत हातानं लिहिले होते, आणि आमच्याकडे नोंदी इंग्रजी आकड्यांत. ४ लिहिलेला मी आठ वाचला. प्रायमर चोख, जेल सुंदर, कंट्रोल बरोबर, आणि निकाल चुकीच्या पक्ष्याच्या नावावर. दोन माद्या नर-मादी म्हणून एकत्र ठेवल्या गेल्या. त्यांनी घरटं बांधलं, आळीपाळीनं उबवणही केली. दोन हंगाम अंडी वांझ निघाली, सगळ्यांनी नराला दोष दिला. मग एका वर्षी एकाच घरट्यात दोन अंडी दिसली. ही गिधाडं एका वेळी एकच अंडं घालतात. दुसरं अंडं कोणी घातलं, हे विचारल्यावर सगळा उलगडा झाला. तेव्हापासून माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येक ट्यूबवर कडीचा क्रमांक आकड्यात आणि अक्षरात, शिवाय मायक्रोचिपचे शेवटचे चार अंक, असं तीनदा लिहिलेलं लागतं. लोक वैतागतात. वैतागू देत. माझ्या अनुभवात पीसीआरपेक्षा पेननं जास्त पक्ष्यांचं लिंग बदललंय.

या प्रसंगातली दुसरी गोष्ट म्हणजे वागणुकीवरून ओळखण्याचा भरवसा धरू नका. घरटं बांधणं, एकमेकांची पिसं साफ करणं, अगदी वर चढणंसुद्धा दोन नरांत किंवा दोन माद्यांत होतं. ॲमस्टरडॅमच्या प्राणिसंग्रहालयात २०१७ मध्ये दोन नर ग्रिफन गिधाडांनी टाकून दिलेलं अंडं उबवून पिल्लू वाढवलं. जोडी म्हणून त्यांच्यात काहीच खोट नव्हती, फक्त अंडं त्यांचं नव्हतं.

तुम्ही म्हणाल, एवढा काटेकोरपणा कशासाठी? आकडा बघा. खरंच ११ नर आणि ३ माद्या असतील तर जास्तीत जास्त ३ जोड्या जमतील, ८ नर नुसते बसून खातील. जनुकीय दृष्टीनं तुमचा १४ चा कळप साडेनऊ पक्ष्यांच्या तोलाचा होतो (चार गुणिले नर गुणिले माद्या, भागिले एकूण). प्रत्यक्षात ७-७ असतील आणि तुम्ही कागदावर विश्वास ठेवून चार-पाच ‘जास्तीचे नर’ दुसऱ्या केंद्राला देऊन टाकलेत, तर तुम्ही तुमच्या माद्याच देऊन टाकल्या. गिधाड पाच वर्षांचं झाल्यावर वयात येतं, वर्षाला एक अंडं देतं. ही चूक कळायला लागणारा वेळ वर्षांत मोजायचा आहे. ज्या पांढऱ्या पाठीच्या गिधाडांची संख्या १९९२ ते २००७ या काळात ९९.९ टक्क्यांनी घसरली, त्यांच्या बाबतीत पाच वर्षं ही किरकोळ गोष्ट नाही.

मात्र एक गैरसमज नको. लिंग कळलं म्हणून जोड्या तुम्ही लावायच्या नाहीत. गिधाडं वसाहतीत राहणारे पक्षी, मोठ्या पिंजऱ्यात सोडली की जोडीदार स्वतः निवडतात. आपलं काम एवढंच की त्या पिंजऱ्यात निवडायला दोन्ही बाजूंना पुरेसे पक्षी असावेत. सोडतानाही तेच. २०२४ च्या जानेवारीत हरियाणातल्या पिंजोरच्या प्रजनन केंद्रातून २० गिधाडं महाराष्ट्रात आणली, १० पांढऱ्या पाठीची ताडोब्याला आणि १० लांब चोचीची पेंचला. असे १० पक्षी लिंग न बघता उचलले, तर ७-३ किंवा त्याहून वाईट प्रमाण येण्याची शक्यता ३४ टक्के आहे. दर तीन तुकड्यांत एक. हे प्रमाण सुधारायला एक थेंब रक्त पुरतं.

माळढोकाचं उदाहरण विचारात घेण्यासारखं आहे. प्रौढ नर मादीपेक्षा कितीतरी मोठा, तिथे डीएनए कशाला, असं वाटेल. पण जैसलमेरच्या केंद्रात २०१९ पासून रानातली अंडी आणून पिल्लं वाढवली गेली, आणि पिल्लं सारखीच दिसतात. नर कोण हे लवकर कळलं तर त्याला कृत्रिम मादीवर वीर्य द्यायला शिकवणं लवकर सुरू करता येतं. २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये कृत्रिम रेतनातून पहिलं पिल्लू जन्मलं, त्यात नर होता रामदेवऱ्याच्या केंद्रात आणि मादी सुदासरीच्या, मध्ये जवळजवळ दोनशे किलोमीटर. असं काम आठवड्याभरात ठरत नाही. सोलापूरजवळच्या नान्नजच्या माळावर माळढोक बघत मोठ्या झालेल्या माझ्यासारख्याला ही बातमी वाचताना काय वाटलं ते सोडा.

आता डीएनए काय सांगत नाही ते. तो गुणसूत्र सांगतो, पक्षी वयात आलाय का, अंडाशय निरोगी आहे का, हे नाही सांगत. त्यासाठी भूल देऊन डाव्या कुशीतून दुर्बीण घालून बघणं हाच मार्ग आहे (डावीकडून, कारण बहुतेक पक्षिणींचं कामाचं अंडाशय डावंच). पूर्वी लिंग ओळखण्यासाठीच हे करत, आता केवळ त्यासाठी कोणी भूल देऊ नये. पण दहा वर्षांची मादी अंडंच देत नसेल तर तुम्हाला दुर्बिणीकडेच यावं लागेल.

अंड्याच्या कवचावरून पिल्लाचं लिंग कळतं का, असं तुम्ही शेवटी विचारलंय. कळतं, पिल्लू बाहेर आल्यावर आतल्या पडद्यावर ज्या रक्तवाहिन्या चिकटून राहतात त्यांतून. त्या चिमट्यानं उचला, कवचाची बाहेरची बाजू अजिबात घासू नका, तिथे आईच्या पेशी असतात आणि आई तर कायम मादीच. सगळी पिल्लं माद्या निघाली, म्हणून आनंदानं फोन करणारे एक गृहस्थ मला आठवतात.

राहिलेला डीएनए फेकू नका, उणे वीसवर ठेवा. सॅन दिएगो प्राणिसंग्रहालयाच्या लोकांनी कॅलिफोर्निया काँडॉरचे नमुने वर्षानुवर्षं जपून ठेवले होते, आणि २०२१ मध्ये त्यांतूनच निघालं की दोन पिल्लांना बापच नव्हता. नराच्या सोबत राहणाऱ्या माद्यांच्या न फळलेल्या अंड्यांतून ती जन्मली होती. दोन्ही नर. तसंच व्हायला हवं, कारण आईचं एक गुणसूत्र दुप्पट होऊन एक तर झेड-झेड होणार किंवा डब्ल्यू-डब्ल्यू, आणि डब्ल्यू-डब्ल्यू जगत नाही.

जाता जाता परवानगीचं. गिधाडं वन्यजीव संरक्षण कायद्याच्या अनुसूची १ मध्ये आहेत. रक्त सोडाच, पीस प्रयोगशाळेला पाठवायलाही वनखात्याचं लेखी पत्र लागतं. ११ पक्ष्यांसाठी पुन्हा अर्ज करताना ‘पुनर्तपासणी’ एवढंच न लिहिता दोन वाढीव नमुन्यांची तरतूद त्यातच मागून घ्या, कारण एखादी ट्यूब वाटेत फुटतेच. आणि निकाल आला की मला फक्त जेलचा फोटो आणि प्रायमरची नावं पाठवा, अहवाल नको.